शिंक्यातली फुलझाडं : टांगत्या कुंड्या माहूरच्या उन्हात का जळतात आणि कशा टिकवायच्या

माहूर : मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो. ओसरीला गोल कुंड्या टांगलेल्या, त्यातून जांभळी-गुलाबी फुलं खाली लोंबतायत. बघून हौस वाटते. थंडीत नर्सरीतून दोन कुंड्या घरी येतात, पत्र्याच्या कडेला टांगल्या जातात. फेब्रुवारीपर्यंत सगळं छान चालतं. मार्चच्या शेवटी पानं मलूल होतात, एप्रिलमध्ये नुसत्या काड्या राहतात आणि मे महिन्यात त्याच कुंडीत लसूण ठेवलेला दिसतो. "आपल्याकडं हे येत नाही" म्हणून विषय संपतो.

येतं. पण व्हिडिओतलं वेळापत्रक आपल्याकडं चालत नाही, आणि व्हिडिओतली मातीही नाही.

असे बरेच व्हिडिओ थंड मुलखातले असतात. इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या शेवटी थंडी सरली की लोक कुंड्या टांगतात आणि सप्टेंबरपर्यंत फुलं बघतात. तिथला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारीचा दिवस. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तिथं जो फुलांचा हंगाम, तोच इथं झाड मरायचा हंगाम. त्यामुळं माहूर-किनवट भागात टांगत्या कुंडीचं वर्ष मृगापासून धरावं. जूनमध्ये लावायचं, पावसाळा-हिवाळाभर फुलं घ्यायची आणि मार्चमध्ये कुंडी खाली उतरवायची. खाली उतरवायची, हे कुणी सांगत नाही. बहुतेक झाडं तिथंच जातात.

कुंडी टांगली की काय होतं?

टांगून ठेवणं आपल्याला नवं नाही. जुन्या घरात दूध-लोणी मांजरापासून वाचवायला शिंकं असायचंच. टांगती कुंडी म्हणजे झाडाचं शिंकं. कोंबड्या माती उकरत नाहीत, शेळी येता-जाता शेंडा खुडत नाही, अंगण लहान असलं तरी जागा अडत नाही. हे फायदे खरे आहेत.

पण शिंक्यातल्या झाडाला जमिनीचा आधार नसतो. जमिनीतलं झाड मुळं खोल नेऊन ओल शोधतं. ओट्यावरच्या कुंडीलाही खालून थोडा गारवा मिळतो. टांगलेल्या कुंडीला मात्र खालून, बाजूनं, वरून अशी चारी अंगांनी गरम हवा लागते. आत माती जेमतेम सहा-सात लिटर. भर उन्हाळ्यात सकाळी भरपूर पाणी दिलेली कुंडी चार वाजेपर्यंत कोरडी ठणठणीत होऊ शकते. त्यात पत्र्याखाली टांगली असेल तर वरून भट्टीच. दुपारी पत्र्याच्या खाली हात धरून बघितला तरी कळतं. पत्र्यापासून निदान दीड-दोन हात खाली आणि पूर्वेच्या बाजूला कुंडी असली तर सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं टळतं. पश्चिमेच्या भिंतीला टांगलेल्या कुंडीचा मार्चनंतर भरवसा धरू नये.

काळी माती नुसती नको

शेतातली काळीभोर माती सगळ्यात कसदार, मग कुंडीत तीच भरायची, असं कुणालाही वाटेल. टांगत्या कुंडीसाठी मात्र ही सर्वांत मोठी चूक ठरते. काळी माती भिजली की फुगते आणि चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तशी ती कुंडीतही काठापासून सुटते आणि मध्ये फट पडते. वरून ओतलेलं पाणी या फटीतून सरळ खाली गळून जातं. खालून पाणी टपकताना दिसतं, माणसाला वाटतं कुंडी भिजली, आणि मधला मातीचा गोळा कोरडाच असतो. झाड पाणी घालूनही वाळलं, अशी जी तक्रार असते तिचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

दुसरी अडचण वजनाची. दहा इंची कुंडीत नुसती काळी माती भरून भिजवली तर वजन दहा-बारा किलोपर्यंत जातं. हलकं मिश्रण भरलं तर तीच कुंडी ओली असताना सहा-सात किलोची राहते.

मिश्रण असं करावं : एक घमेलं माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि दोन घमेली कोकोपीट. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा. त्याची दाबलेली वीट मिळते, पाण्यात टाकली की फुगते. वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी, कारण त्यात क्षार असू शकतात. कोकोपीट मिळालं नाही तर नीट कुजलेला पालापाचोळा किंवा भुईमुगाची कुजलेली टरफलं घाला. भाताचं तूस मिळत असेल तर तेही माती मोकळी ठेवतं. शेणखत कच्चं नको. ते कुंडीत तापतं, मुळं भाजतात, आणि सोबत हुमणीही येऊ शकते.

कुंडी प्लास्टिकचीच हवी असं काही नाही. बांबूची टोपली आतून बारदानानं मढवली तर छान दिसते आणि एक-दोन पावसाळे निघतात. बारदानाच्या आत खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा भोकं पाडून घातला तर पाणी कमी उडतं. खाद्यतेलाचा डबा, पाण्याचा पाच लिटरचा कॅन हेही चालतं. तळाला चार-पाच भोकं हवीतच. नारळाची करवंटी दिसायला गोड असते, पण तीत माती मूठभर मावते. पावसाळ्यापुरती ठीक.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. कीटकनाशकाचे किंवा तणनाशकाचे रिकामे डबे कापून कुंड्या करण्याची पद्धत काही घरांत दिसते. डबा कितीही धुतला तरी विषाचा अंश राहतो, आणि तो डबा मग ओसरीवर, लेकरांच्या डोक्यावर टांगला जातो. पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते विष किती जहाल असतं हे या भागाला वेगळं सांगायला नको. तसा डबा घरात कशालाच वापरायचा नसतो.

काय लावायचं, कधी लावायचं

चिनी गुलाब. याला कुणी ऑफिस टाइम म्हणतं, कुणी दहाची फुलं. टांगत्या कुंडीचं पहिलं झाड हेच असावं. पानं आणि खोड मांसल, पाणी साठवून ठेवणारी. एखाद्या दिवशी पाणी विसरलं तर रुसत नाही. शेजारच्या घरून तीन-चार बोटं लांबीचे शेंडे खुडून आणायचे, खालची पानं काढायची आणि ओल्या मातीत खोचायचे. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. एका कुंडीत आठ-दहा शेंडे लावले तर लवकर भरगच्च होते. याला ऊन मात्र पाच-सहा तास लागतं. ढगाळ दिवशी फुलं नीट उमलत नाहीत आणि दुपारनंतर मिटतात. झाडाला रोग झाला असं समजून औषध मारू नका, त्याचा स्वभावच तसा आहे.

सदाफुली. ही माहूरच्या उन्हाला पुरून उरते. पाला कडू असल्यानं शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. पसरणाऱ्या जातीची रोपं मिळाली तर कुंडीच्या कडेनं खाली येतात. साधी गावठी सदाफुली सरळ वाढते, तिचा शेंडा दोन-तीनदा खुडला की फांद्या फुटतात. तिला मारायचा एकच हमखास उपाय आहे, तो म्हणजे रोज गच्च पाणी. मुळं कुजतात. श्रावणात झड लागली की कुंडी छपराखाली घ्यावी.

सदाफुलीबद्दल आणखी एक. साखर कमी होते म्हणून तिची पानं चावून खायचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. या झाडातल्या द्रव्यांपासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं बनतात, आणि ती डॉक्टर मोजून-मापून देतात. इतकं तेज झाड मनानं खाऊ नये. साखरेची गोळी बंद करून तर नाहीच.

झेंडू. टांगत्या कुंडीत मोठा हजारी झेंडू घालू नका, तो उंच होऊन वाऱ्यानं मोडतो. बुटका, लहान फुलांचा फ्रेंच झेंडू घ्यावा. बी टाकल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं सुरू होतात. घटस्थापना सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये येते. त्या हिशेबानं जुलैच्या शेवटच्या ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बी पडलं तर नवरात्रात कुंडी फुलावर असते. साडेतीन शक्तिपीठांतलं रेणुकामातेचं पीठ ज्या गावात आहे, तिथं नवरात्रात फुलांना काय मागणी असते ते सगळ्यांना माहीत आहे. दोन-तीन टांगत्या कुंड्यांतून घटाच्या नऊ माळा होणार नाहीत, तेवढी आशा धरू नये. पण देवापुढं ठेवायला ओंजळभर ताजी फुलं घरचीच, एवढं नक्की जमतं.

पिटुनिया. व्हिडिओतलं लोंबणारं फूल बहुतेक वेळा हेच असतं. हे थंडीचं झाड. बी धुळीसारखं बारीक असतं, घरी उगवत बसण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नर्सरीतून रोपं घ्यावीत. एका दहा इंची कुंडीत तीन पुरतात. डिसेंबर ते मार्च डोळे निवतील अशी फुलं येतात. एप्रिलमध्ये झाड जातं. ते जाणारच, त्याचं वर्ष संपलं. पिटुनिया उन्हाळ्यात जगवायला रोज दोनदा पाणी घालणं म्हणजे पाणीही गेलं आणि झाडही गेलं.

लोंबते जिरेनियम, फुशिया यांची चित्रं कितीही सुंदर असली तरी ती महाबळेश्वर-उटीच्या हवेतली झाडं आहेत. इथं पैसे घालू नयेत.

पाणी किती?

खरा प्रश्न हाच आहे. पावसाळ्यात जवळपास काही लागत नाही. हिवाळ्यात एका कुंडीला दिवसाआड अर्धा लिटर धरा. मे महिन्यात तीच कुंडी रोज एक लिटर पिते. म्हणजे दहा कुंड्या असतील तर रोज दहा लिटर, जवळपास एक हंडा. उन्हाळ्यात विहिरीवरून किंवा टँकरवरून हंडे वाहणारी घरातली बाई असते, आणि कुंड्या टांगणारा बऱ्याचदा दुसराच कुणी असतो. हौस करताना हा हिशेब आधी करावा. जिथं मार्चनंतर पाणी विकत घ्यावं लागतं, त्या घरात उन्हाळ्यासाठी चिनी गुलाब आणि सदाफुलीच्या दोन कुंड्या ठेवाव्यात. त्या खाली उतरवून झाडाच्या सावलीत किंवा न्हाणीजवळच्या ओलसर कोपऱ्यात एकमेकींना खेटून ठेवल्या की पाणी बरंच कमी लागतं. बाकीच्या कुंड्यांतली माती वाळवून पोत्यात भरून ठेवा, मृगाला पुन्हा कामी येते.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी थेट चालतं. मीठ घातलेलं किंवा साबणाचं नको. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. अशा वेळी पावसाळ्यात एखाद्या चांगल्या सरीखाली कुंडी तासभर उघडी ठेवली की क्षार धुऊन निघतात.

पाणी द्यायचं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. बोटाचं एक पेर मातीत घालून बघा. ओलं लागलं तर थांबा. त्याहून सोपं म्हणजे कुंडी खालून हातानं उचलून बघणं. दोन-चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. अगदी कोरडी पडलेली कुंडी वरून पाणी ओतून भिजत नाही, कोकोपीटही सुकलं की पाणी लवकर धरत नाही. ती काढून पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायची. बुडबुडे थांबले की आतपर्यंत भिजली. उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला. मातीवर सोयाबीनच्या कुटाराचा बोटभर थर टाकला तर उन्हात ओल टिकते.

दोन दिवस गावाला जायचं असेल तर लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाला सुईनं एक भोक पाडा आणि उलटी करून मातीत खोचा. आधी एक दिवस घरी असताना करून बघा, भोक मोठं झालं तर बाटली तासाभरात रिकामी होते. दवाखान्यातल्या वापरलेल्या सलाइनच्या बाटल्या आणून ठिबक करण्याचा उद्योग टाळावा. तो दवाखान्याचा कचरा आहे.

कुंडीखाली ठिबकू नये म्हणून काही कुंड्यांना ताटली जोडलेली येते. तिच्यात साचलेलं स्वच्छ पाणी डेंगीच्या डासाला फार आवडतं. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतो, तो दिवस या ताटलीलाही लागू आहे. उंचावर असल्यानं ती नजरेतून सुटते. पावसाळ्यात ताटली काढूनच टाकलेली बरी.

टांगायची कशाला?

नुसत्या पत्र्याला भोक पाडून तार अडकवायची, हे सगळ्यात वाईट. वारं सुटलं की पत्रा फाटतो आणि कुंडी खाली येते. लाकडी वाशाला, तुळईला किंवा लोखंडी अँगलला हूक हवा. कुंडी टांगण्याआधी त्याच हुकाला पंधरा लिटर पाण्यानं भरलेली बादली रात्रभर अडकवून ठेवा, खाली कुणी झोपणार नाही असं बघून. सकाळी हूक जिथल्या तिथं असेल तर कुंडीला काही होत नाही. सुतळी दिसायला बरी, पण रोज भिजून-वाळून एका पावसाळ्यात कुजते. नायलॉनची दोरी उन्हानं वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होते, हातानं चुरा होतोय का ते अधूनमधून बघावं. जस्ताची तार किंवा साखळी जास्त टिकते. दाराच्या वर आणि पाळण्याच्या वर कुंडी नको.

आणि विजेची तार. खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरला आधार म्हणून जी लोखंडी तार ताणलेली असते, तिच्यावर कपडे वाळत घालतात तशाच कुंड्याही अडकवलेल्या दिसतात. वायरचं वरचं आवरण उन्हानं तडकलेलं असलं की पावसात त्या तारेत करंट उतरतो. वरून ओल्या हातानं पाणी घालायचं. यात काय होऊ शकतं ते लिहायची गरज नाही. बल्बच्या होल्डरच्या, बोर्डाच्या वर कुंडी टांगली तरी तोच धोका.

राहिली वानरं. गडाच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना यावर उपाय विचारला तर हसतात. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं अशी म्हण आहे. इथं वानर शिंकं तुटायची वाट बघत नाही, तेच झोका घेऊन तोडतं. ओसरीला जाळी असेल तर आत टांगा. नाहीतर जिथं वानरांचा रोजचा रस्ता आहे तिथं कोवळ्या कळ्यांची झाडं लावण्यापेक्षा सदाफुली लावलेली परवडते. तिची चव लागली की सहसा पुन्हा तोडत नाहीत.

खत आणि कीड

रोजच्या पाण्याबरोबर कुंडीतलं खतही खाली वाहून जातं. म्हणून थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. शेतासाठी आणलेलं १९:१९:१९ घरात असेल तर लिटरभर पाण्यात एक ते दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. शेणाची निवळी दहापट पाणी घालून दिली तरी चालते. युरियाची चिमूट टाकायची सवय मोडा. अंदाज चुकला की झाड जळतं, नाही जळलं तर नुसता पाला वाढतो आणि फूल येत नाही. सुकलेली फुलं दोन-तीन दिवसांनी खुडली तर झाड बी धरण्यात ताकद घालवत नाही, नव्या कळ्या काढतं. हे काम घरातल्या लहान पोरांना आवडतं.

पांढरा पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. तरी राहिला तर निंबोळीची ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यानं गाळून, संध्याकाळी फवारा. कपाशीवरचं औषध घरातल्या कुंडीवर मारू नये. आणि शेतातला पंप तर वापरूच नये. त्यात तणनाशकाचा थोडा अंश राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी पानं वाकडी होतात आणि आठवड्यात कुंडी रिकामी होते. पाच-दहा कुंड्यांना हातातली लहान स्प्रे बाटली पुरे.

या वर्षी पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांनी एकाच कुंडीपासून सुरुवात करावी. पहिला चांगला पाऊस पडला की शेजारून चिनी गुलाबाचे आठ-दहा शेंडे मागून आणा. ते कुणी नाही म्हणत नाही.